माणसांची ये-जा : नाही

चार दिवसांत तिच्या तोंडून बाहेर पडलेला पहिला शब्द होता, "शी."

तोही कोणाला उद्देशून नव्हता. एका माणसापुरती तिची होडी पाणवेलींच्या गुंत्यात अडकली होती, आणि ती सोडवायच्या खटपटीत वल्हं हातातून निसटलं होतं. मांडीवर पाण्याच्या नमुन्यांच्या बारा बाटल्या, त्यामुळे वाकायचीही पंचाईत. वल्हं मात्र सावकाश, काही घाई नसल्यासारखं निघालं होतं. चार दिवस न वापरलेला घसा, त्यामुळे तेवढा एक शब्दसुद्धा खरखरतच आला.

"मला म्हणालात का?"

ती दचकली. लव्हाळ्यांच्या पलीकडे इंजीन बंद केलेली एक मोटारबोट उभी होती. तिच्यात गुडघ्यापर्यंत पँट दुमडलेला एक माणूस होता, आणि त्याच्या हातात तिचं वल्हं.

"नाही... वल्ह्याला म्हणाले."

"मग ठीक. मी आत्ताच आलोय, शिव्या खाण्यासारखं काही केलं नाही अजून." त्याने वल्हं पुढे केलं. "तुम्ही त्या काठावरच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या मोजणीबाई ना?"

"कशावरून?"

"या तळ्यावर दोनच माणसं वेड्यासारखी सारखं काहीतरी मोजत असतात. त्यातला एक मी. राहिलं कोण?"

तो पलीकडच्या धरणावरचा माणूस होता. तळ्यात ठिकठिकाणी रोवलेल्या मोजपट्ट्यांवर पाणी कुठवर आलंय ते रोज बघायचं, वहीत लिहायचं आणि कार्यालयात कळवायचं, ही त्याची नोकरी. सगळे त्याला पट्टीवालाच म्हणत. त्याने दोर टाकून तिची होडी ओढून घेतली आणि सरळ तिच्या धक्क्यापर्यंत आणून सोडली.

"तुम्ही काय मोजता पण?"

"टिबुकल्यांची घरटी. आणि ती का फसतात, ते शोधते."

"फसली घरटी मोजायला पगार देतात?"

"वेळेवर नाही देत," ती म्हणाली, आणि तिला हसू आलं. आपला हसण्याचा आवाज असा आहे हे ती विसरूनच गेली होती.

निघताना त्याने काठाजवळच्या एका दगडी खांबाकडे बोट केलं. लव्हाळ्यात अर्धा लपलेला खांब, त्यावर आकडे रंगवलेली लोखंडी पट्टी. "ही पण आमचीच. हिची नोंद घ्यायला यावं लागतं."

"महिना झाला मला इथे. कोणी आलं नाही ते?"

"राहून गेलं होतं," तो म्हणाला. "उद्यापासून येतो."

---

आता या बाईसाहेबांविषयी थोडं सांगायला हवं. वय एकोणतीस. एका संस्थेत नोकरी, आणि नोकरी अशी की जिथे पशुपक्षी कमी होत चालले आहेत तिथे जाऊन राहायचं आणि त्यांना नेमकं काय छळतंय ते हुडकून काढायचं. सहा वर्षांत पाच ठिकाणं झाली होती. प्रत्येक ठिकाणी ती अशा वेळी पोचायची की निम्मंअधिक सगळं उडून गेलेलं असायचं, आणि माणसं तर तिथे मुळातच नसायची. मैत्रिणींची लग्नं तिने फोटोत पाहिली होती, भाच्याचे पहिले शब्द फोनवर ऐकले होते. एकटं राहायची सवय होते, असं ती सगळ्यांना सांगायची. ते काही खरं नव्हतं. सवय फक्त तसं सांगायची झाली होती.

तळ्याकाठच्या खोल्या दोन. एकीत ती झोपायची, दुसरीत नमुने झोपायचे. फ्रिजमध्ये दुधाच्या पिशवीशेजारी चिखलाच्या बाटल्या. फोनला रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर चढून बसलं तर. चार-पाच दिवसांतून एकदा ती आईला फोन करायची, आणि आई तोच प्रश्न विचारायची.

"आज कोणाशी बोललीस?"

"तुझ्याशी बोलतेय की."

"मी सोडून गं."

त्यानंतर आईच विषय बदलायची. जेवलीस का, इथपर्यंत येऊन पोचल्या की दोघींना सुटल्यासारखं व्हायचं.

दुसऱ्या खोलीच्या भिंतीवर एक यादी चिकटवलेली होती. टिबुकली म्हणजे मुठीएवढा गुबगुबीत पाणपक्षी. लव्हाळ्याला बांधलेल्या तराफ्यासारखं तरंगतं घरटं करतो. तीन वर्षांपासून या तळ्यावरच्या घरट्यांतून अंडी नाहीशी होत होती. कशामुळे? पाणी तापतंय का, शेतांतली खतं आणि औषधं उतरतायत का, पाण्याची पातळी एकदम खालीवर होते का, काठावरच्या दिव्यांचा उजेड, भटकी कुत्री, मासेमारीची जाळी... अशी सतरा कारणं होती. एकेक तपासायचं आणि निकाल लागला की त्यावर काट मारायची.

रोजच्या नोंदवहीतही रकाने ठरलेले होते. तापमान. वारा. पाण्यातला प्राणवायू. पक्ष्यांची संख्या. आणि शेवटचा रकाना, माणसांची ये-जा. त्यात ती पहिल्या दिवसापासून एकच शब्द लिहीत आली होती : नाही.

---

तो दुसऱ्या दिवशी खरोखरच आला. चार वाजून दहा मिनिटांनी. खांबापाशी बोट नेली, डोळे बारीक करून पट्टीकडे पाहिलं, खिशातून वही काढून गंभीर चेहऱ्याने काहीतरी लिहिलं आणि मग धक्क्याकडे वळून म्हणाला, "चहा करत असाल तर माझ्यासाठी मुद्दाम करू नका. आधीच केला असेल तर वाया घालवू नका."

केलेला होता. तिने तो दोन कप का केला, हे तिलाही सांगता आलं नसतं.

त्यानंतर रविवार सोडून रोज. तो आधी रुमालाला हात पुसायचा, मगच कप घ्यायचा. खोलीत यायचा नाही, धक्क्याच्या पायरीवर बसायचा, आणि ती दोन पायऱ्या वर. वीस मिनिटं, फार तर पंचवीस.

"काय म्हणतायत तुमचे संशयित?" खिडकीतून दिसणाऱ्या यादीकडे पाहून तो विचारायचा.

"आज कुत्री सुटली. ती तिकडे फिरकतच नाहीत."

"निर्दोष सुटली म्हणायची. किती राहिले?"

"अकरा."

"संशयित अकरा आणि पोलीस एकटा. अवघड आहे."

"पोलिसाला मदतनीस मिळाला तर चालेल."

"पगार?"

"चहा."

"वेळेवर मिळतो, तेवढं मात्र खरं," तो म्हणाला, आणि कपात बघत राहिला.

एकदा तिने विचारलं, "घरी कोण असतं?"

"वडील. त्यांना ऐकू येत नाही फारसं. मोठ्याने बोललं तर येतं, पण घरात ओरडत राहायचं मला काही जमत नाही. मग आम्ही दोघे गप्प असतो. तसं बरं चाललंय." थोडं थांबून तो म्हणाला, "म्हणून इथे जरा जास्त बोलतो. त्रास होत असेल तर सांगा."

"होतो," ती म्हणाली. "रविवारी होतो."

त्याने चमकून वर पाहिलं. ती भांडी विसळायला उठली होती, आणि कप दोनच असूनही तिला फार वेळ लागला.

आणखी एकदा ती लव्हाळ्यातून परतली तेव्हा तिच्या केसांत कसलंसं तूस अडकलं होतं. त्याने हात उचलला... तो हात अर्ध्यातच थांबला, आणि मग त्याने नुसतं बोटाने दाखवलं, "तिथे. नाही, डावीकडे." तिने ते काढलं. त्या संध्याकाळी वहीत तापमान लिहिताना तिने दोनदा आकडा चुकवला. शेवटच्या रकान्यात मात्र हात सवयीने चालला. माणसांची ये-जा : नाही.

तिला ते खोटं वाटलंच नाही. ये-जा म्हणजे परक्यांची. ज्याची सकाळपासून वाट बघायची, त्याला कोणी ये-जा म्हणतं का?

---

आठ आठवडे असे गेले. यादीतल्या सतरापैकी पंधरा कारणांवर काट बसली. पाणी ठीक होतं. औषधांचा अंश नव्हता. दिवे लांब होते. आणि तरीही एकतीस घरट्यांपैकी सव्वीस रिकामी झाली. सकाळी चार अंडी, दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी नुसता ओला पालापाचोळा. मादी त्या पाचोळ्यावर तशीच बसून राहायची. ते बघून ती दुर्बीण खाली ठेवायची.

"काही सापडतंय का?" संस्थेतले सर फोनवर म्हणाले. "हंगाम संपत आला. कारण नाही मिळालं तर पुढच्या वर्षी इथे काही वाचवायला उरायचं नाही."

सातव्या आठवड्यात तिने शिल्लक असलेले सगळे छोटे कॅमेरे घरट्यांसमोर काठ्यांवर बांधले. मिनिटाला एक फोटो. दहा दिवसांनी ती ते उतरवून बसली. बाहेर भुरभुर पाऊस पडत होता, रविवार होता, आणि वेळ जाता जात नव्हता.

टिबुकलीची एक रीत असते. घरट्यावरून उठताना ती चोचीने ओला पाला ओढून अंडी झाकते, मगच पाण्यात उतरते. झाकलेली अंडी दिसतच नाहीत. फोटोंत ती रीत दिसत होती. सकाळी उठली, झाकून गेली. दुपारी उठली, झाकून गेली. आणि मग एका फोटोत घरटं तिरपं झालेलं, खालून लाट आलेली, मादी गायब, आणि चार अंडी उघडी. पुढच्याच फोटोत घरट्यावर कावळा.

तिने फोटोवरची वेळ पाहिली. चार वाजून सात मिनिटं.

दुसऱ्या दिवशीचा फोटो काढला. चार वाजून सहा. तिसऱ्या दिवशीचा, चार वाजून आठ. दुसरं घरटं, तिसरं घरटं. सगळीकडे तेच. मधले तीन दिवस मात्र काहीच नाही, तेव्हा प्रत्येक पक्षी निवांत बसलेला. रविवारीही काही नाही.

मधल्या तीन दिवसांत पट्टीवाल्याला ताप आला होता.

 मग तिने कावळ्याचे फोटो नीट पाहिले. कावळा बोटीनंतर येत नव्हता. तो आधीच येऊन बसायचा, लव्हाळ्यातल्या त्या दगडी खांबावर, चार वाजल्यापासून. इंजिनाचा आवाज झाला की आता अंडी उघडी पडणार, हे त्याला पाठ झालं होतं. त्या बोटीची रोज वाट बघणारी ती एकटी नव्हती.

तिने नकाशा उघडला. धरणापासून तळ्यातल्या पट्ट्यांपर्यंतचा रस्ता सरळ मधून होता, खोल पाण्यातून. मागची तीन वर्षं लव्हाळ्यांच्या अरुंद वाटेने मासेमारांच्या मोटारबोटी जायच्या, त्या यंदा बंद झाल्या होत्या. आता तिकडून यायचं ते फक्त या काठावरच्या पट्टीसाठी. ती छत्री न घेताच बाहेर पडली आणि चिखलातून खांबापर्यंत गेली. इतके दिवस सगळ्या तळ्याची मापं काढली, ही एक पट्टी तेवढी जवळून पाहिली नव्हती. ती त्याची होती ना.

पाणी पट्टीच्या शून्याच्या खाली दीड हात होतं. खांबाच्या बुडाशी गवत वाढलेलं. या पट्टीला पाणी लागून कित्येक वर्षं झाली असावीत.

म्हणजे तो रोज कोरड्या खांबाकडे डोळे बारीक करून पाहत होता आणि गंभीर चेहऱ्याने वहीत काहीच लिहीत नव्हता. रोज वळसा घालून येत होता. फक्त तिच्यासाठी.

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिच्यासाठी वाट वाकडी केली होती, आणि त्या वाटेवरची सव्वीस घरटी रिकामी झाली होती. तिला रडू आलं. आनंद झाला होता म्हणून की वाईट वाटलं म्हणून, ते तिला वेगळं काढता आलं नाही.

---

सोमवारी चारच्या आधीच तिने होडी काढली आणि लव्हाळ्यांच्या बरीच अलीकडे, उघड्या पाण्यात त्याला अडवलं.

"आज स्वागत वेशीवर?" त्याने इंजीन बंद केलं. मग त्याने तिचा चेहरा पाहिला.

तिने सगळं सांगितलं. लाट, उघडी अंडी, कावळा, वेळा. तिचा आवाज वाचून दाखवल्यासारखा येत होता. तसं बोललं की धीर सुटत नाही, हे तिला ठाऊक होतं.

"म्हणजे... मी," तो म्हणाला.

"बोट."

"बोट आपल्या मनाने येत नाही." तो हातातल्या रुमालाकडे बघत होता. "किती अंडी गेली?"

"नव्वदच्या वर."

त्याने मान खाली घातली. 

"आता?"

"टिबुकल्या पुन्हा अंडी घालतील. अजून वेळ आहे. बावीस-तेवीस दिवस कोणी फिरकलं नाही तर पिल्लं निघतील."

"नाही फिरकणार." मग अगदी हळू त्याने विचारलं, "बाकी... काही?"

हाच तो क्षण. बाकी पुष्कळ होतं. पट्टी कोरडी आहे ते मी पाहिलं, असं तिला म्हणता आलं असतं. बोट नको, तुम्ही या, असंही म्हणता आलं असतं. काठाकाठाने कच्चा रस्ता होता, अकरा किलोमीटरचा. दोघांनाही तो माहीत होता. पण नव्वद अंड्यांचा हिशेब सांगून झाल्यावर लगेच स्वतःसाठी काही मागायचं, ही तिला लाजिरवाणी गोष्ट वाटली.

"बाकी काही नाही," ती म्हणाली.

"बरं." त्याने इंजीन सुरू केलं नाही. बोटीतलं वल्हं काढलं आणि वल्हवत, एकदाही मागे न पाहता, धरणाकडे गेला. फोन नंबर दोघांकडेही नव्हता. रोज भेटणाऱ्या माणसाचा नंबर घ्यायचं कोणाच्या डोक्यात येतं?

---

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नये. एकटेपणा तिला नवा नव्हता, पण पूर्वीच्या एकटेपणाला वेळ नसायची. दिवसभर सारखाच असायचा, अंगावरच्या जुन्या शर्टासारखा, जाणवतही नसे. आता तो चार वाजता यायचा. साडेतीनपासून ती काहीतरी काम काढायची. बाटल्या धुवायची, धुतलेल्या पुन्हा धुवायची. एकदा सवयीने दोन कप चहा झाला, तेव्हा तिने दोन्ही कप स्वतःच पिऊन टाकले आणि रात्री झोप आली नाही म्हणून स्वतःवरच चिडली.

"आज कोणाशी बोललीस?" आईने विचारलं.

ती टाकीच्या झाकणावरचा गंज नखाने खरवडत राहिली.

"काय झालं गं?"

"एक माणूस यायचा, आई. मीच त्याला येऊ नको म्हणून सांगितलं."

"वाईट होता?"

"नाही. चांगला होता."

आईने पुढे काही विचारलं नाही. फोन ठेवलाही नाही. दोघी तशाच, रेंज असेपर्यंत, एकमेकींचा श्वास ऐकत बसल्या.

चौदा घरट्यांत पुन्हा अंडी आली. कावळा आठवडाभर खांबावर येऊन बसला, मग त्याने नाद सोडला. तेविसाव्या दिवशी सकाळी दुर्बिणीत तिला एक मादी दिसली, तिच्या पाठीवरच्या पिसांतून दोन चट्ट्यापट्ट्यांची डोकी बाहेर आलेली. संध्याकाळपर्यंत अशी अकरा घरटी झाली. ती उभ्या उभ्या हसली, आणि सांगायला म्हणून वळली. मागे पायरी होती, तिच्यावर कोणी नव्हतं.

त्या रात्री तिने अहवाल लिहायला घेतला. कारण सापडलं होतं, उपाय सिद्ध झाला होता, अहवाल तासाभरात व्हायला हवा होता. पण नोंदवही समोर उघडी होती आणि शेवटच्या रकान्यात पंचेचाळीस दिवस ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं होतं : नाही. नाही. नाही. ज्या एका रकान्यात उत्तर होतं, तोच तिने रोज आपल्या हाताने पुसला होता. पहिल्या आठवड्यात खरं लिहिलं असतं तर निम्मी घरटी वाचली असती.

ही चूक झाकून टाकणं सोपं होतं. तिने झाकली नाही. तिने लिहिलं :

"निरीक्षकाने पंचेचाळीस दिवस माणसांच्या ये-जेची नोंद ‘नाही’ अशी केली आहे. ती चुकीची आहे. एक मोटारबोट त्या दिवसांत रोज माझ्याकडे येत होती. मी तिची वाट पाहत असे, म्हणून ती मला नोंदवण्यासारखी वाटली नाही. नुकसानीत माझा वाटा निम्मा आहे."

दोन दिवसांनी सरांचा फोन आला. ते आधी नुसतेच खाकरले.

"अहवाल उत्तम आहे. फक्त ते एक वाक्य... वाट पाहत असे वगैरे. ते काढू या का? प्रत धरणाच्या कार्यालयात जाणार आहे."

"नको, सर. कारण तेच आहे."

"बघ हं. चार लोक वाचतील."

"वाचू देत," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावरही टाकीवरून लगेच उतरली नाही. चार लोकांचं तिला काही नव्हतं. त्यातला एक जण तो होता.

---

आणखी दोन आठवडे काहीच झालं नाही. मग एका रविवारी, दुपारी एकच्या सुमारास, दारावर टकटक झाली. चार महिन्यांत या दारावर कोणी टकटक केली नव्हती. तळ्याकडून येणारा माणूस धक्क्यावरून हाक मारायचा. ती दार उघडायला गेली तेव्हा हातात साबणाचा फेस होता.

तो रस्त्याच्या बाजूने आला होता. बुटांपासून पोटरीपर्यंत धूळ, शर्ट पाठीला चिकटलेला.

"चालत?"

"बोटीने कसा येणार? पिल्लं आहेत ना."

"अकरा निघाली घरटी," ती घाईघाईने म्हणाली. इतके दिवस कोणाला तरी सांगायचं राहिलं होतं ते. "पाठीवर बसवून फिरवतात. बावीस मोजली मी, जास्तही असतील..."

"बावीस," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळला. मग त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. "तुमचा अहवाल आला कार्यालयात. साहेबांनी माझ्याकडे खुलासा मागितला. सरकारी बोट रोज तिथे कशाला जात होती, म्हणून."

तिने पटकन विचारलं, "नोकरीवर आलं का?"

"बोट काढून घेतली. आता वर्षभर कार्यालयात बसून दुसऱ्यांनी आणलेले आकडे नोंदवायचे." तो हे सहज म्हणाला, पण बोलताना त्याची नजर तळ्याकडे गेली आणि तिथे जरा रेंगाळली. "ते असू द्या. बरोबरच आहे ते. मी दुसरंच विचारायला आलोय."

"विचारा."

"ते वाक्य... वाट पाहत असे. ते खरं आहे?"

"अहवालात मी खोटं लिहीत नाही."

"त्या दिवशी पाण्यात मात्र म्हणालात, बाकी काही नाही."

"ते खोटं होतं. बाकी सगळंच होतं."

 त्याने हातातला कागद तिच्यापुढे धरला. तिने फेसाचे हात ओढणीला पुसले आणि घडी उलगडली. वर कार्यालयाचा पत्ता, विषय, संदर्भ, सगळं रीतसर. खाली त्याच्या वळणदार, आकडे लिहून लिहून नेटक्या झालेल्या अक्षरांत चार ओळी :

"सदर पट्टी कोरडी असल्याचे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. मी पट्टी पाहायला जात नव्हतो. तिथे राहणाऱ्या बाईंना पाहायला जात होतो. त्या मला आवडतात. त्यांना याची काहीही कल्पना नव्हती, तरी त्यांचा वाटा निम्मा धरू नये, पूर्ण दोष माझा धरावा."

तिने ते दोनदा वाचलं. अक्षरं हलायला लागली म्हणून कागद खाली घेतला.

"हे... हे असं साहेबांना देणार तुम्ही?"

"दिलं. गेल्या सोमवारीच. ही तुमची प्रत."

"साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, इतका स्पष्ट खुलासा तीस वर्षांत पाहिला नाही." तो आता हसत होता. "आणि रविवारी काय करतोस, असं विचारलं."

तिला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि या वेळी तिने ते वेगळं काढायचा प्रयत्नही केला नाही. ती एक पाऊल पुढे आली. त्याने हात उचलला, आणि तो हात अर्ध्यात थांबला नाही.

बऱ्याच वेळाने, चहा झाल्यावर, घरी वडील एकटे आहेत म्हणून तो उठला. ती दार ओढून घेऊन त्याच्याबरोबर निघाली. "अर्ध्या वाटेपर्यंत येते," ती म्हणाली.

दोघे काठाकाठाने चालत राहिले, कधी बोलत, कधी न बोलता. साडेपाच किलोमीटरला एक वाकडं झाड होतं, अर्धी वाट तिथे संपत होती. अंतरं मोजणं हेच दोघांचं काम, त्यामुळे दोघांनाही ते बरोबर कळलं, आणि दोघांपैकी कोणीच पाय थांबवले नाहीत. धरणाच्या भिंतीपाशी त्याच्या घराचं दार दिसू लागलं तेव्हा ऊन कलायला आलं होतं.

"परत एकटीला जावं लागेल," तो म्हणाला.

"जाईन की."

आणि ती गेली. अकरा किलोमीटर, तळं उजव्या हाताला ठेवून, एकटीच. आता सोमवार ते शनिवार सहा दिवस कोणी येणार नव्हतं, तिला ते माहीत होतं. घरी पोचल्यावर तिने दिवा लावला, नोंदवही उघडली आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं : एक माणूस. पायी. रविवारी. पुन्हा येईल.